दिवस उलट्या पावली

ती माझी धाकटी बहीण. सख्खी. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढे मी तिचं कौतुक करणार आहे, आणि मग कुणी म्हणायला नको की हा माणूस कोण आणि एवढा का उड्या मारतोय. मी तिच्यापेक्षा अकरा वर्षांनी मोठा आहे. उड्या मारायचा हक्क माझाच. तिला सायकल मी शिकवली. पाढे मी शिकवले, सोळापर्यंत. पुढचे मलाच येत नव्हते. माझं शिक्षण नववी, तेही मास्तरांनी दया दाखवली म्हणून. ती बारावी झाली, वर दोन वर्षांचा कोर्स केला, आणि आज ती पाय बनवते.

हो, पाय. माणसांचे. अपघातात म्हणा, आजारात म्हणा, ज्यांचा पाय गेला त्यांना ती नवा पाय करून देते. मोठ्या इस्पितळाच्या तळमजल्यावर एक्स-रेच्या खोलीपुढे कॉरिडॉर संपतो, तिथे त्यांचं वर्कशॉप आहे. दारापर्यंत औषधाचा वास, आणि दार उघडलं की एकदम आमच्या धंद्यासारखं. ग्राइंडर, कानशी, ओव्हन, टेबलाला पकडलेला व्हाइस, आणि सगळीकडे प्लास्टरची पांढरी भुकटी. फळीवर रबराची पावलं नंबरप्रमाणे लावलेली. चपलांचं दुकान वाटतं, फक्त इथे चपलेच्या आतलं मिळतं.

मी वेल्डर. गेट, खिडक्यांच्या जाळ्या, जिन्याचे कठडे. त्या वर्कशॉपमध्ये माणूस नवा पाय लावून पहिल्यांदा ज्या दोन दांड्यांना धरून चालतो ना, तो कठडा माझ्या हातचा. बारा फूट लांब, दोन्ही बाजूंनी. डोळे मिटून बोट फिरवा, जोड हाताला लागला तर माझं नाव बदला.

तर ही आमची बारकी. घरात तिला बारकीच म्हणतात, आता छत्तीस वर्षांची आहे तरी. तिची एक सवय आहे आणि सगळी गोष्ट त्या सवयीचीच आहे, म्हणून नीट सांगतो.

आमचं घर पहिल्या मजल्यावर. जिना बाहेरून. संध्याकाळी साडेपाचला बारकी कामावरून येते, पण वर येत नाही. तिसऱ्या पायरीवर बसते. बूट पायात, पिशवी मांडीवर, दहा मिनिटं. फोन नाही, काही नाही. समोरच्या भिंतीकडे बघत बसते आणि दिवस उलटा चालते. म्हणजे आत्ता पायरीवर बसले, त्याआधी कोपऱ्यावर रस्ता ओलांडला, त्याआधी बसमध्ये उभी होते, त्याआधी वर्कशॉपचं कुलूप लावलं, असं करत करत सकाळच्या दात घासण्यापर्यंत. मग उठते आणि वर येते.

मी म्हणायचो, "झाला का रिव्हर्स गिअर?" जिन्यावरून येणारे-जाणारे तिला वळसा घालून जातात. कुणी आलं आणि विचारलं की बारकी घरी आहे का, तर आई सांगते, "आहे, पण अजून दुपारपर्यंतच पोचलीय. दम धरा."

हे खूळ लावलं आईनेच. बारकी आठ वर्षांची असताना तिचा शाळेचा स्वेटर हरवला. नवाकोरा. ती रडायला लागली. आई म्हणाली, "रडून सापडत नसतो. आत्तापासून मागे मागे जा. कुठे कुठे होतीस ते एकेक सांग." बारकी मागे मागे जात मधल्या सुट्टीपर्यंत पोचली आणि गप्प झाली. स्वेटर बाकावर राहिला होता, ते आठवलं. पण त्याच्या अगदी आधी तिने शेजारच्या बाकावरच्या मुलीला सगळ्यांसमोर "तुझ्या डब्याला वास येतो" म्हटलं होतं, तेही आठवलं. सकाळपासून आठवताना ते गाळलं गेलं होतं. दुसऱ्या दिवशी तिने स्वेटर आणला आणि त्या मुलीची माफी मागून आली. ती मुलगी अजून आमच्याकडे येते. स्वेटर कधीच फाटला.

मी एकदा विचारलं होतं, "सरळ का आठवत नाहीस? उलटं कशाला?"

म्हणाली, "दादा, सकाळपासून सुरू केलं की मी मला गोष्ट सांगायला लागते. त्या गोष्टीत मी फार शहाणी असते. उलटं यायला लागलं की गोष्ट जमत नाही. नुसतं झालं ते दिसतं."

मी म्हटलं, "एवढं डोकं माझ्यात असतं तर मी मंत्री झालो असतो."

"म्हणूनच झाला नाहीस," आई आतून म्हणाली.

पण मी बघितलंय, तिला त्या पायरीवर काय काय सापडतं ते. एकदा तिच्या लक्षात आलं की पेशंटचा पाय, पण बोलते मात्र ती त्याच्या बायकोशी. "यांना दुखतं का?" "यांना बसता येतं का?" समोर माणूस बसलाय, त्याला तोंड आहे! दुसऱ्या दिवसापासून तिने एक बुटकं स्टूल ठेवलं. पेशंट खुर्चीत, ही त्याच्या गुडघ्याच्या उंचीवर खाली, आणि मान वर करून त्यालाच विचारायचं. हे कुठल्या कोर्समध्ये शिकवत नाहीत. आता तिथे सगळे तसं करतात, आणि सगळ्यांना वाटतं ते आधीपासूनच होतं.

माझीही हजामत झालीय. एकदा वर आली आणि म्हणाली, "दादा, आज सकाळी चहाला तू आईला तीनदा गप्प केलंस. आणि तिन्ही वेळा मी हसले. ते मला आवडलं नाही." तू हसलीस तर तुझं तू बघ, मला का सांगतेस, असं म्हणून मी दोन दिवस फुगून बसलो. तिसऱ्या दिवशी आईला बोलू दिलं. तेव्हापासून ती थांबलेली नाही.

आता मूळ गोष्टीवर येतो.

त्या वर्कशॉपचे मुख्य कारागीर निवृत्त होणार होते. त्यांच्या जागेवर दोघांची नावं होती. एक आमची बारकी आणि दुसरा एक चष्मेवाला, तिच्याच वर्गातला. वरच्या ऑफिसातून तीन जणांची समिती येणार, गुरुवारी सकाळी दहाला. दोघांनी आपापला एक पेशंट चालवून दाखवायचा. काम बघून ठरवणार. मला विचाराल तर ठरवायचं काय होतं त्यात? पण नियम तो नियम. बारा वर्षं ती त्या खोलीत भुकटी खात होती, आणि ही जागा तिला हवी होती. तोंडाने बोलायची नाही, पण मला कळत होतं. फळीवरची पावलं कशी लावायची, ओव्हन कुठे सरकवायचा, पेशंटला बसायला खिडकीकडची बाजू कशी द्यायची, हे सगळं तिने एका वहीत काढून ठेवलं होतं. मुख्य झाली की करणार होती.

तिचा पेशंट म्हणजे सिग्नलपलीकडचा सलूनवाला. धिप्पाड माणूस, पन्नाशीचा, आवाज असा की फुटपाथवरचं गिऱ्हाईक न बोलावता आत यावं. स्कूटरला ट्रकने ठोकलं आणि गुडघ्याखालचा पाय गेला. आठ महिने उंच स्टुलावर बसून केस कापत होता. त्याला गिऱ्हाइकाभोवती फिरता येत नव्हतं, म्हणून गिऱ्हाइकालाच खुर्चीसकट फिरवायचा. "वेल्डर," मला म्हणायचा, "बसून केस कापणं म्हणजे पलंगावर पडून पोहणं. हात हलतात, माणूस जागच्या जागी." उभं राहून दिवसभर काम करायचं, एवढंच त्याला हवं होतं.

बारकीने त्याचा पाय बनवला. बघायला या म्हणावं कुणालाही. रंग, पोटरीचा बाक, सगळं दुसऱ्या पायासारखं. सोमवारी त्याला तो घरी दिला, तीन-चार दिवस वापरून बघा म्हणून. मी सोमवारी संध्याकाळी मुद्दाम त्याच्याकडे दाढीला गेलो. तो उभा राहून फेस लावत होता! मला एवढा आनंद झाला की मी फेस लागलेल्या तोंडानेच सुरू झालो. म्हटलं, "मालक, आता माझ्या बहिणीचं सगळं तुमच्या पायावर आहे. गुरुवारी साहेब लोक येणार. नुसतं चालायचं नाही, ऐटीत चालायचं. कसं वाटतं विचारलं तर एक नंबर म्हणायचं. तोंडातून आई गं निघालं तर माझ्याशी गाठ आहे."

तो ब्रश हातात धरून थांबला. मग म्हणाला, "बरं, वेल्डर." एवढंच. मला वाटलं, आपल्या बोलण्याचा वजनदार परिणाम झाला.

बुधवारी दुपारी तीन वाजता त्याला शेवटचं चालवून बघायचं होतं. मीही गेलो होतो. कठड्याच्या पायथ्याचा एक बोल्ट किंचित फिरत होता आणि साहेब लोकांसमोर माझा कठडा हलला असता तर मी जीव दिला असता. मी खाली बसून पाना चालवत होतो. सलूनवाल्याने दोन फेऱ्या मारल्या. टोकाला मोठा आरसा आहे, बारकी आरशाजवळ उभी राहून बघत होती.

"कसं वाटतंय?"

"एक नंबर, ताई."

बारकी हसली. मी बोल्ट आवळला. सगळं झकास.

संध्याकाळी ती पायरीवर बसली, उठली, वर आली. चेहरा निवांत. त्या दिवशी उलटं येताना काही सापडलं नव्हतं म्हणायचं. आईने चहा ओतला. मी चहा पिता पिता माझ्या कठड्याचं सांगायला लागलो. "आई, तू बघायला हवं होतंस. एवढा मोठा माणूस, शंभर किलोला कमी नाही, अख्खं अंग दोन हातांवर पेललं त्याने. पण कठडा? जागचा हलला नाही! हूं की चूं नाही!"

बारकीने कप खाली ठेवला. "दोन्ही हातांवर?"

"दोन्ही. मी खालीच होतो ना, मला वरचं सगळं दिसत होतं."

"कोपर वाकलेलं होतं की सरळ?"

"ताठ. बोटं पांढरी पडली होती. म्हणूनच म्हणतो, दुसऱ्या कुणाचा कठडा असता तर..."

"कुठल्या फेरीला?"

"दुसऱ्या. का गं?"

ती उठली आणि परत खाली गेली, बूट घालून, तिसऱ्या पायरीवर. आई दारात येऊन बघत राहिली. "आज दोनदा?" मला म्हणाली. "काय बोललास तू तिला?"

"मी? मी कठड्याचं बोललो!"

मी खाली गेलो आणि तिच्या खालच्या पायरीवर बसलो. बराच वेळ ती भिंतीकडे बघत होती. मग म्हणाली, "मी आरशात बघत होते, दादा. पण मी त्यांना बघत नव्हते. उद्या ते समितीला कसे दिसतील, ते बघत होते. म्हणून मला हात दिसलेच नाहीत."

"अगं, हाताने धरलं म्हणून काय झालं? धरायलाच आहे तो."

"धरणं वेगळं. भार टाकणं वेगळं. पायावर भार सहन होत नाही तेव्हा माणूस हातावर उभा राहतो." ती पुन्हा भिंतीकडे बघायला लागली. त्या दिवसाच्याही मागे जात होती, कालच्या, परवाच्या, पार पायाचं माप घेतलं त्या सकाळपर्यंत. मग एकदम म्हणाली, "मी त्यांना विचारलंच नाही."

"काय?"

"रात्री पट्टी बांधली होती का."

आता हे मला तिने समजावलं तसं सांगतो. उरलेल्या पायाला रात्री ताणाची पट्टी बांधून झोपायचं असतं. बांधली नाही तर पाय रात्रीत सुजतो आणि सकाळी फुगलेला असतो. साचा घेताना पहिला प्रश्न हाच विचारायचा असतो, कारण फुगलेल्या पायावर साचा घेतला की वाटी मोठी होते. वाटी म्हणजे ज्यात उरलेला पाय बसतो ती, ते लोक तिला सॉकेट म्हणतात. मग गंमत अशी की सकाळी पाय फुगलेला असतो तेव्हा ती वाटी अगदी फिट्ट बसते. दुपारपर्यंत सूज उतरली की पाय आत खाली सरकतो, आणि हाडाचं टोक घासायला लागतं. बारा वर्षांत बारकीने हा प्रश्न एकदाही चुकवला नव्हता. पण सलूनवाल्याचा साचा घेतला त्याच सकाळी समितीच्या तारखेचं पत्र आलं होतं. ते खिशात होतं आणि डोकंही खिशातच होतं.

"स्कूटर काढ," ती म्हणाली.

सलून उघडं होतं. सलूनवाला स्टुलावर बसून एकाचे केस कापत होता. आम्हाला बघून पटकन उभा राहिला, आणि उभं राहताना त्याने खुर्चीची पाठ धरली. आता मलाही दिसलं.

"बसा," बारकी म्हणाली. "पाय काढा."

"ताई, गिऱ्हाईक आहे."

"गिऱ्हाईक थांबेल."

खुर्चीतला माणूस अर्धं डोकं कापलेलं, आरशातून आमच्याकडे बघत म्हणाला, "मला कुठे जाता येणार आहे असं?"

सलूनवाल्याने पाय काढला. आत एकावर एक तीन मोजे. एकाच्या जागी तीन! वाटी सैल पडत होती म्हणून भरलेले. बारकी जमिनीवर बसली, केसांच्या ढिगात, आणि मोजे एकेक करून उतरवले. खाली हाडाच्या टोकाशी बाटलीच्या झाकणाएवढा लाल चट्टा. सोलायच्या बेतात आलेला.

"कधीपासून?"

"सोमवार दुपारपासून. सकाळी काही नसतं, ताई. जेवणानंतर सुरू होतं."

"मी आज विचारलं तेव्हा एक नंबर म्हणालात."

त्याने मोजे उचलून मांडीवर घेतले. मग माझ्याकडे न बघता म्हणाला, "वेल्डरला विचारा."

बारकीने माझ्याकडे बघितलं. खुर्चीतल्या माणसानेही आरशातून माझ्याकडे बघितलं. मी भिंतीवरच्या कात्र्या मोजायला लागलो. सात होत्या.

"काय म्हणालास तू यांना?"

मी सांगितलं. सगळं. ऐटीत चाल, एक नंबर म्हण, आई गं म्हणशील तर गाठ माझ्याशी. सांगताना ते सोमवारइतकं चांगलं वाटत नव्हतं.

"त्यांची चूक नाही," सलूनवाला म्हणाला, म्हणजे माझी. "मीच म्हटलं, तुमच्यामुळे उभा राहिलो, मग तुमच्यासाठी तीन दिवस दात आवळून काढू. गुरुवार झाला की सांगणार होतो."

बारकी उठली, कपडे झटकले. "हा पाय मी घेऊन जाते. उद्या सकाळी दहाला कुबड्या घेऊन या."

तिने पाय सलूनच्या टॉवेलमध्ये गुंडाळला. बाहेर आल्यावर मी तिला स्कूटरपाशी अडवलं. मी भाऊ आहे, गप्प कसा बसणार? म्हटलं, "हे बघ. तूच म्हणालीस, सकाळी वाटी फिट्ट बसते. समिती सकाळी दहाला. दहा मिनिटं चालायचं त्याला. ऐटीत चालेल, दुखणारही नाही. तुला जागा मिळेल. दुपारी पाय परत घे आणि नवीन करून दे. त्याचं नुकसान नाही, तुझं नाही. कुणाला कळणार आहे?"

"सकाळी दहाला बरोबर बसेल," ती म्हणाली. "मला माहिती आहे."

"मग?"

"दादा, उद्या साडेपाचला मला पायरीवर बसायचंय. मागे येता येता दहा वाजतील. तिथे काय ठेवू?"

मी म्हटलं, "एक दिवस नको बसूस."

ती हसलीसुद्धा. "बारा वर्षांत मी काय शिकले म्हणतोस? ते कोर्समधलं नाही रे. कोर्स दोन वर्षांचा होता. बाकीचं त्या पायरीवर बसून आलंय. ते एका जागेसाठी मोडू?" आणि स्कूटरवर मागे बसली. पाय काखेत, टॉवेलमधून पाऊल बाहेर. सिग्नलला शेजारचा मोटरसायकलवाला एकदा त्या पावलाकडे, एकदा तिच्या पायांकडे बघत होता. ती त्याला म्हणाली, "मोजताय? तीनच आहेत." हिरवा लागला तरी तो तिथेच उभा होता.

घरी आल्यावर ती वर गेली. मी गेलो नाही. मी तिसऱ्या पायरीवर बसलो. आयुष्यात पहिल्यांदा. म्हटलं, बघू तरी काय दिसतं. पायरी, सिग्नल, सलून, चहा, कठडा, पाना. मग काल, मग सोमवार. सोमवारी संध्याकाळी आलो आणि तिथेच अडकलो. फेस लागलेलं माझं तोंड, आणि समोर ब्रश धरून थांबलेला माणूस. त्याचा दुसरा हात तेव्हा कुठे होता? खुर्चीच्या पाठीवर. दाबून धरलेला. मला तेव्हाही दिसला होता. मी बोलत होतो म्हणून बघितला नाही.

मी मोठा भाऊ आहे, मी कुणाची माफी मागत नाही, अशी माझी ख्याती आहे. मी उठलो आणि परत सलूनकडे गेलो. सात वाजायचे होते.

आता जागेचं सांगून टाकतो, म्हणजे त्यासाठी कुणी ताटकळायला नको. ती जागा बारकीला मिळाली नाही. चष्मेवाल्याला मिळाली. माणूस चांगला आहे, काम साफ आहे, आणि अडलं की बारकीलाच विचारतो. ओव्हन तिच्या वहीप्रमाणे सरकलाय, पेशंट खिडकीकडे बसतात. मला दोन महिने त्या जागेचं दुखत होतं. तिला एकही दिवस नाही. सलूनवाला आज सकाळी नऊपासून रात्री दुकान बंद होईपर्यंत उभा असतो आणि गिऱ्हाइकाभोवती गरागरा फिरतो, विनाकारणसुद्धा. पण हे सगळं पुढचं. मला सांगायची आहे ती दुसऱ्या दिवशीची सकाळ.

गुरुवारी मी पाना घेऊन हजर होतो. बोल्ट आवळलेला होता, तरी पाना हातात असला की कुणी बाहेर काढत नाही. दहाला समिती आली. दोन साहेब आणि एक डॉक्टरीणबाई, केस बारीक कापलेल्या, हातात फाइल. चष्मेवाल्याचा पेशंट आधी चालला. छान चालला, मी खोटं बोलणार नाही. मग बारकीचं नाव घेतलं.

तिने टॉवेल सोडून पाय टेबलावर ठेवला. सलूनवाला कुबड्या घेऊन खुर्चीत बसला होता. बारकी सरळ उभी राहिली, आवाज जराही हलला नाही.

"हा पाय मी बनवला. दिसायला चांगला आहे. आत्ता लावला तर हे चांगले चालतील. दुपारी यांना दुखेल, कारण साचा घेताना पाय सुजलेला होता आणि मी विचारलं नाही. चूक माझी आहे. म्हणून आज चालवून दाखवत नाही."

एक साहेब म्हणाले, "मग आम्ही काय बघायचं?"

"नवीन साचा घेताना दाखवू शकते. वेळ लागेल. तुम्हाला घाई असेल तर जा, मला वाईट वाटणार नाही. पण साचा मी आत्ताच घेणार. यांना दुकान उघडायचंय."

मी तोंड उघडलं. "मॅडम, यात माझीपण थोडी..."

"दादा," बारकी मागे न बघता म्हणाली, "बोल्ट."

मी खाली बसलो आणि आवळलेला बोल्ट आवळायला लागलो.

दोन्ही साहेबांनी घड्याळ बघितलं, आम्ही चहा घेऊन येतो म्हणाले आणि गेले. डॉक्टरीणबाई गेल्या नाहीत. त्यांनी फाइल मिटली, एक स्टूल ओढलं आणि बसल्या. बारकी तिच्या बुटक्या स्टुलावर सलूनवाल्याच्या गुडघ्यापाशी बसली आणि मान वर करून विचारलं, "रात्री पट्टी बांधली होती का?"

"बांधली होती, ताई," सलूनवाला आपल्या मोठ्या आवाजात म्हणाला. "तुमच्या भावाने काल येऊन बांधली. आधी माफी मागितली, मग बांधली. अशी आवळलीय की मला रात्रभर वाटत होतं, वेल्डिंग करून ठेवलंय."

बारकीने वळून माझ्याकडे बघितलं. मग पट्टी सोडली, पायाला अंगठ्याने हळूच दाबून बघितलं, वळ उमटले होते तिथे बोट फिरवलं.

"फार आवळलेलीपण चालत नाही," ती म्हणाली. "खोटं माप येतं. वीस मिनिटं थांबू या. पाय आपल्या जागेवर येऊ दे."

"थांबू या," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

"दादा, तूपण बस. नुसता काय ओणवा राहिलायस?"

मी माझ्या कठड्याला पाठ टेकून जमिनीवर बसलो. कुणी काही बोललं नाही, मीसुद्धा नाही. सलूनवाला खिडकीबाहेर बघत होता. बारकी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत होती, हात मांडीवर, पायरीवर बसते तशी. दहा पन्नासला तिने प्लास्टरची पट्टी पाण्यात बुडवली.